पानांचे ठसे वाळेपर्यंत

मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं आणि वेळापत्रक माझ्यापुढे सरकवलं. मोठ्या बाई म्हणजे उस्मानाबादच्या आमच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. वेळापत्रकात आठवड्याचे सहा तास तांबड्या पेन्सिलीनं खोडलेले होते. सहाही माझे, चित्रकलेचे.

"मी नाही खोडले," त्या म्हणाल्या. "वरून विचारणा आलीय. चित्रकलेचा मुलींना काय उपयोग ते दाखवा, नाहीतर तास शिवणाला द्या. मार्गशीर्षात शिक्षणखात्याचे डिप्टीसाहेब तपासणीला येतील. तेव्हा ठरेल."

"आणि मी?"

"तुम्हाला शिवण येतं का?"

मला शिवण येत नव्हतं. आजही बटण लावण्यापुढं माझी मजल जात नाही. चित्रकलेच्या दोन परीक्षा सोडल्या तर माझ्याजवळ दाखवायला दुसरा कागद नव्हता. आधी निजामाचं संस्थान विलीन झालं, पुढं आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि दर बदलाबरोबर शाळेचे नियम पालटत राहिले. तास गेले तर मी घरी बसणार, हे उघड होतं. मालक कचेरीत कारकून होते, घर चालत होतं, मी घरी बसले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण ऑफिसातून वर्गापर्यंत चालत येताना मला एवढं पक्कं कळलं की मला घरी बसायचं नाही.

घरी येऊन वहीत दोन याद्या केल्या. काय आहे आणि काय नाही. काय नाही, ती यादी लांब झाली: रंग नाहीत, ब्रश नाहीत, चित्रकलेचा कागद वर्षभर आलेला नाही. काय आहे, त्यात अडतीस मुली, त्यांच्या पाट्या, एक फळा आणि शाळेमागची परसबाग. परसबागेत पपई, शेवगा, अळू, भोपळ्याचा वेल, कर्दळ, कढीपत्ता, जास्वंद, तूर, कुंपणाला एरंड आणि कोपऱ्यात वड. रंगापुढं शून्य आणि झाडांपुढं दहा नावं, अशी ती वही आजही माझ्या कपाटात आहे.

पानांचे ठसे घ्यायची कल्पना मला कुठल्या पुस्तकातून मिळाली नाही. रविवारी ओटा सारवला, त्यावर पपईचं पान पडलं, कुणाचा तरी पाय त्यावर पडला आणि दुपारी पान उचललं तर शेणात त्याची एकेक शीर उमटलेली. मी ओट्यापाशी बसून राहिले. मालकांनी दारातून विचारलं, "काय हरवलंय?"

"काही नाही. हे बघा."

त्यांनी बघितलं. "चांगलं आहे. पण डिप्टीसाहेबांना ओट्यावर बसवणार का?"

प्रश्न बरोबर होता. ठसा कागदावर हवा. पुढचे दीड महिने मी दर रविवारी एक वस्तू घ्यायची, तिचा रंग करायचा, पानाला लावायचा आणि काय झालं ते वहीत लिहायचं, असा क्रम ठेवला. हळद पसरली. कपड्याची नीळ पानावर थेंब थेंब होऊन बसली. दौतीतली शाई देठाकडं ओघळली. कुंकू आणि पाणी यांचा ठसा सुंदर आला आणि वाळल्यावर फुंकरीनं उडून गेला. अळूवर तर काहीच धरेना. पाणी जसं घरंगळतं तसंच सगळं घरंगळायचं. शेवटी ते राखेनं हलकं चोळून घ्यायचं ठरलं. मागच्या बाजूला शिरा उठून असतात, म्हणून रंग मागच्या बाजूला लावायचा, हे सातवीतल्या माकणी गावच्या मुलीनं सांगितलं. ती इथं मामाकडं राहून शिकत होती. मी महिनाभर पुढची बाजू रंगवत होते.

कागदाचा प्रश्न मालकांनी सोडवला. कचेरीत उर्दू नमुन्यांचे गठ्ठे पडून होते. आता सगळा कारभार मराठीत, ते नमुने कुणाला नको होते. एक बाजू छापलेली, दुसरी कोरी, आणि कागद असा जाड की शाळेला तसा कधी मिळाला नव्हता. त्यांनी त्यांच्या साहेबांना विचारून दोन गठ्ठे आणले. साहेबांच्या परवानगीची चिठ्ठीही मी मागून घेतली आणि वहीत डकवली. मालक म्हणाले, "रद्दीची चिठ्ठी डकवणारी तू जगात एकटी असशील."

शाई मात्र चुकून सापडली. आमच्याकडं करडईचं तेल. घाण्यावरून तेल आणलं की आधी ते कडवून घ्यायचं, धूर निघाला की उतरवायचं, म्हणजे उग्र वास जातो. त्या रविवारी मी तेलाचं पातेलं शेगडीवर ठेवलं आणि पानं निवडायला परसात गेले. पानं निवडता निवडता दुपार कलली. घरात धूर बघून धावले, तर आग लागलेली नव्हती, पण तेल निम्मं उरलं होतं आणि काकवीसारखं दाट झालं होतं. पळी वर उचलली की तार सुटायची. असलं तेल भाजीला चालणार नाही. पण टाकून देणं माझ्या हातून होत नाही. मी तव्याखालची काजळी खरवडली, त्यात घोटली, कापसाच्या बोळ्यावर फडकं गुंडाळून पपईच्या पानाला लावली आणि पान कागदावर ठेवून वरून लाटणं फिरवलं.

ठसा आला. मुख्य शीर, तिच्या फांद्या, त्या फांद्यांच्या मधलं बारीक जाळं, एका जागी अळीनं कुरतडलेली कडा. सगळं.

संध्याकाळी मालक जेवायला बसले. एक घास घेतला आणि म्हणाले, "आज भाजीत छापखाना उतरलाय का?" हात तीनदा धुऊनही वास गेला नव्हता.

दोन घरं सोडून चाचा राहायचे. निजामाच्या काळात सरकारी शिळाप्रेसवर त्यांनी जन्म घालवला. दगडावर मजकूर उतरवून कागद छापायचे. प्रेस बंद झाली तेव्हा ते एक लहान दगड घरी घेऊन आले होते आणि चाची त्यावर कपडे धूत. मी पातेलं आणि ठसा घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी तेलात बोट बुडवलं, अंगठ्यानं चोळलं आणि तार ओढून बघितली.

"बाई, हे तर रोगन झालं. आमी प्रेसमंदी जवसाचं तेल दिसभर आटवायचो, तवा असं व्हायचं. तुमी कसं केलं?"

"चुकून झालं."

"मग चूक लिहून ठेवा. फिरून कराया लागंल. किती वेळ ठिवलं हुतं? इंगळ किती?"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाकी सगळं लिहिणाऱ्या माझ्या वहीत त्या रविवारपुढं प्रश्नचिन्ह आहे.

मग त्यांनी ठशाचा कागद उलटला आणि छापील बाजू चष्म्यापाशी नेली. "हा माझ्या हातचा हाय," ते म्हणाले. "ही लकीर बघा, इथं जरा वाकली. दगडाला चीर पडली हुती. साहेब म्हनले चालतंय, आन् धा साल तसंच चाललं." त्यांनी कागद परत दिला नाही. दुसऱ्या दिवशी चाचींच्या कपड्यांचा दगड धुऊन, घासून शाळेत आला, त्यावर शाई पसरायला. चाची मागून म्हणाल्या, "आता मी कपडे कुठं धुऊ, ते पण मास्तरीणबाईंच्या वहीत लिहा."

चाचा आठवड्यातून दोनदा शाळेच्या ओट्यावर येऊन बसू लागले. ते सांगायचे आणि मी नियम लिहायचे. पान तोडल्या तोडल्या छापायचं नाही, एक दिवस दडपून मरगळू द्यायचं. कागद ओला करायचा नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून दमट करायचा. शाई लावायची ती थोपटून, चोळून नव्हे. असे अकरा नियम झाले. मी ते मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावले.

दाबाचं काम मात्र लाटण्यानं नीट होईना, एकीकडं गडद आणि एकीकडं फिकट. चाचा म्हणाले, हाताचा दाब नको, वजन पाहिजे, सगळीकडं सारखं. मग खाली एक फळी, वर एक फळी, मध्ये कागद आणि पान, आणि वरच्या फळीवर एक मुलगी उभी करायची. उतरली की ठसा तयार. पण पाचवीतली हलकी मुलगी एरंडावर उभी राहिली तर शिरा अर्ध्याच यायच्या आणि सातवीतली थोराड मुलगी शेवग्यावर उभी राहिली तर पानाचा चिखल व्हायचा. मी मुलींची वजनाप्रमाणं यादी केली आणि पुढं पानांची नावं घातली. शेवगा आणि कढीपत्ता पाचवीला, तूर आणि जास्वंद सहावीला, पपई, एरंड आणि वड सातवीला. वडाच्या मुलींना आधी राग आला. नंतर वडाचे ठसे सगळ्यांत चांगले येतात म्हणून त्या मिरवू लागल्या.

कार्तिक संपेपर्यंत आमच्याकडं त्रेसष्ट चांगले ठसे झाले. मी त्यांना क्रमांक घातले, पानांच्या आकाराप्रमाणं लावले, मोठे खाली, लहान वर, एकावर एक ठेवून फडक्यात बांधले आणि घरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले. कागदाच्या कडा दुमडू नयेत म्हणून वर पाटा ठेवला. पेटीला कुलूप लावलं. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

तपासणी सोमवारी होती. आधीच्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी पेटी उघडली. गठ्ठा उचलला तर त्रेसष्ट कागदांची एक वीट हातात आली.

पहिला कागद ओढला. ओल्या पापडाच्या चवडीतून पापड ओढावा तसा तो निम्मा फाटत आला. वडाच्या ठशावर वरच्या कागदाची छापील उर्दू अक्षरं चिकटलेली, एरंडाचे पंजे पपईच्या कागदाच्या पाठीवर. दिवेलागणीपर्यंत ओढत बसले. नऊ कागद बरे निघाले. मालक घरी आले तेव्हा मी बाकीचे चोपन्न कागद जमिनीवर पसरून मध्ये बसले होते. त्यांनी या वेळी काही विनोद केला नाही. चपला घालून चाचांना बोलावून आणलं.

चाचांनी एक कागद उचलला आणि बोट टेकवलं. शाई बोटाला लागली.

"दोरीवर टांगले न्हायत?"

"तुम्ही सांगितलं नाही."

"ओलं लुगडं पेटीत घालत न्हायत, हे तरी कुणी सांगितलं हुतं तुमाला?"

भिंतीवरचे अकरा नियम मला तोंडपाठ होते आणि त्यांतल्या एकातही वाळवण्याचा उल्लेख नव्हता.

"ही करडई हाय," चाचा म्हणाले. "जवस जल्दी वाळतं. करडईला थंडीत पंधरा दिस लागतील. मला सुचाया पाहिजे हुतं. निम्मी चूक माझी."

चाची त्यांच्या मागोमाग आल्या होत्या आणि दारात उभ्या होत्या. "निम्मी कशाला? तीस वर्सं दोरीखालनं वाकून चालत आलात प्रेसमधून. पुरी तुमची."

शनिवारी मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नऊ चित्रं आहेत ना? भिंतीला लावा आणि बाकीचं बोलू नका."

"नऊ चित्रं बघायला साहेबांना नऊ मिनिटं लागतील," मी म्हणाले. "मग ते शिवणाच्या वर्गात जातील. तिथं चाळीस झबली टांगली आहेत. मला साहेबांसमोर तास घेऊ द्या. मुली त्यांच्यादेखत ठसे काढतील."

"साहेबांच्या समोर काजळी?"

"हो."

"आणि नाही आलं एखादं?"

"एखादं नाहीच येणार. मग दुसरं काढू."

मोठ्या बाईंनी वेळापत्रकात सोमवारच्या तासावर खूण केली. "सतरंज्या गुंडाळून ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि साहेबांच्या कोटापासून मुलींना चार हात लांब."

रविवारी सकाळी मी परसबागेत पानं तोडून दडपून ठेवली, कागद दमट केले, शाई घोटली. मालकांनी वर्गात भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन दोऱ्या बांधल्या. कागद अडकवायला टाचण्या नव्हत्या, तेव्हा त्यांनी बाभळीचे काटे आणले. नऊ बरे कागद टांगले. दोरी उघडी दिसायला लागली म्हणून बिघडलेले चोपन्नही टांगले.

सोमवारी साहेब आले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, अंगानं चांगले भरलेले, बोलणं मोजकं. आधी शिवणाचा वर्ग बघून आले होते. त्यांनी माझ्या वर्गात पाऊल टाकलं आणि दोरीवरचा नेमका एक फाटका कागद काढून हातात घेतला. तो उलटा केला. छापील बाजू वाचू लागले. अडतीस मुली, मोठ्या बाई आणि मी, सगळ्या उभ्या. साहेब वाचत होते.

"हे पिकांचं पहाणीपत्रक आहे," ते शेवटी म्हणाले. "माझे वडील भरायचे. यातला सातवा रकाना कुणी कधी भरला नाही." मग माझ्याकडं वळले. "सरकारी कागद शाळेत कसा?"

मी वही उघडून चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि वही परत दिली.

मुलींनी काम सुरू केलं. पहिलं पान जास्वंदीचं, ते घसरलं आणि ठसा दुहेरी आला. दुसरं तुरीचं, ते नीट आलं. साहेब खाली वाकून बघत होते. कोटाचं आणि शाईचं अंतर चार हातांवरून एका हातावर आलं होतं, आणि मोठ्या बाईंचा चेहरा मला बघवत नव्हता.

"याचा उपयोग काय?" साहेबांनी माकणीच्या मुलीला विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मी मुलींकडून चार वेळा पाठ करून घेतलं होतं. निरीक्षण वाढतं, हाताला वळण लागतं, वगैरे. ती विसरली.

"उपयोग म्हायत न्हाय साहेब," ती म्हणाली. "पण सोमवारी कुणी घरी राहत न्हाय."

"म्हणजे?"

"सोमवारी बाईंचा तास आसतो. तामलवाडीच्या पोरी शनिवारी गावाला जायच्या त्या मंगळवारी यायच्या. आता सोमवारी येत्यात. पानं आणायची आसत्यात ना. इकडं मिळत न्हायत तसली आणल्यावर आधी नंबर लागतो."

साहेबांनी हजेरीपट मागवला. हे मी कधी तपासलं नव्हतं. हजेरी रोज लिहायची, बेरीज महिन्याला करायची, सोमवार वेगळे काढून बघायचं मला सुचलं नव्हतं. साहेबांनी बोट ठेवत आषाढ, श्रावण बघितले, मग आश्विन, कार्तिक. सोमवारच्या रकान्यात आधी दहा-बारा रिकाम्या जागा असायच्या. कार्तिकात दोन, एक, एकही नाही.

त्यांनी हजेरीपट मिटला. "मी फळीवर उभा राहून बघू का?" असं म्हणत त्यांनी बूट काढायला सुरुवात केली.

पाचवीतल्या एका मुलीनं फळीखाली कढीपत्ता ठेवला होता. माकणीच्या मुलीनं तो चटकन काढून घेतला, भिंतीवरची वजनाची यादी बघितली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "साहेबांना वड द्या गं. कढीपत्त्याचं पार पिठलं हुईल."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेब मोज्यांवर फळीवर उभे राहिले, उतरले, आणि वरची फळी स्वतः उचलली. वडाचं पान पूर्ण उमटलं होतं, देठापासून टोकापर्यंत. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, आणि दोन्ही हात काळे झाले. मग आम्ही त्यांना राख दिली, तेल दिलं, पुन्हा राख दिली. हात धूत असताना ते मोठ्या बाईंशी बोलले, माझ्याशी नाही.

"चित्रकलेचे तास राहू द्या. शिवणाला दुसरीकडून काढा. कागदावर हस्तव्यवसाय म्हणून दाखवा, म्हणजे पुन्हा विचारणा येणार नाही."

स्वतःचा वड त्यांनी नेला नाही. वाळला नव्हता. पंधरा दिवसांनी पाठवू, असं मी वहीत लिहिलं आणि बरोबर पंधराव्या दिवशी पाठवला.

मोठ्या बाईंनी आठवडाभरात नवं वेळापत्रक केलं. माझे सहाही तास होते, पण सगळे दिवसाचे शेवटचे. "राग धरू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या तासानंतर मुली गणिताला बसल्या तर वह्या कुणी बघायच्या?"

मी राग धरला नाही. पुढच्याच सोमवारी घंटा झाली आणि एकही मुलगी उठली नाही. दारात उभं राहून खोकणारा पुढचा शिक्षक नव्हता. तीन ठसे अजून निघायचे होते. आम्ही ते काढले, दोरीवर टांगले आणि मग दार लावलं.